व्हिडिओ कॉलवर एडीएचडीचं निदान कसं होतं, आणि कुठे अडतं

कोरा_कागद (धागाकर्ती)

'ऑनलाइन एडीएचडी टेस्ट' (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा विकार) असं शोधलं की पहिल्या पानावर येतं ते बहुतेक सहा प्रश्नांचं असतं. दोन मिनिटांत उत्तरं, खाली लाल पट्टी, 'दाट शक्यता आहे', आणि त्याखाली पैसे भरायचं बटण. हे निदान नव्हे. पण 'स्क्रीनवर कधी निदान होतं का!' म्हणून सगळंच मोडीत काढणारेही तितकेच चुकतात. नीट केलेली ऑनलाइन तपासणी कशी असते ते इथे लिहिते. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

एडीएचडीसाठी रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. निदान उभं असतं ते मुलाखतीवर, आणि मुलाखत व्हिडिओवर घेता येते. घोडं अडतं ते वेळेपाशी. वीस मिनिटांत हे काम होत नाही, समोरासमोर बसूनही होत नाही.

निकष डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेचे (२०१३, सुधारित आवृत्ती २०२२). लक्ष न टिकण्याची ९ लक्षणं, अतिचंचलता आणि उतावळेपणाची ९. सोळा वर्षांपर्यंत कुठल्यातरी एका गटातली किमान ६ हवीत, सतराव्या वर्षापासून पुढे ५. लक्षणं किमान सहा महिने टिकलेली हवीत. त्यातली काही वयाच्या बारा वर्षांआधी दिसलेली हवीत. घर, शाळा, काम यांतल्या किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. त्यांनी रोजच्या जगण्यात खरोखर खोडा घातलेला हवा. आणि दुसऱ्या कशाने त्यांचा अधिक चांगला उलगडा होत नसावा. लोक आकडे वाचून थांबतात. तपासणाऱ्याचा बहुतेक वेळ जातो तो त्यापुढच्या अटींवर.

क्रम साधारण असा. कॉलच्या आधी प्रश्नावल्या भरून घेतात: मोठ्यांसाठी एएसआरएस, लहानपणासाठी वेंडर युटा, सोबत नैराश्य आणि चिंतेच्या छोट्या प्रश्नावल्या. जुनी प्रगतिपुस्तकं मागवतात. पहिला कॉल साठ ते नव्वद मिनिटांचा. दुसरा कॉल आई, वडील, मोठी बहीण, जोडीदार यांच्यापैकी कोणाशी तरी. तिसऱ्यात निष्कर्ष आणि पुढची दिशा. तिन्ही कॉल एकाच दिवशी उरकू नयेत. थकलेला माणूस शेवटच्या तासात सगळ्यालाच 'हो' म्हणतो.

यादीतलं एकच लक्षण जवळून बघा: वस्तू हरवणं. फॉर्मवर 'बऱ्याचदा'वर टिक केलेली असते. मुलाखत तिथून सुरू होते. शेवटचं काय हरवलं? कधी? सापडलं कुठे? शोधून कोण देतं? मग उत्तर येतं, 'हल्ली किल्ली हरवत नाही, दाराच्या आत खिळा ठोकलाय, पाकीट आणि चष्माही तिथेच टांगतो.' म्हणजे हरवणं थांबलंय ते एवढा बंदोबस्त केल्यामुळे. हेही नोंदवायचं. लगेच तोच प्रश्न पाच ते बारा वर्षांच्या काळासाठी: कंपासपेटी, डबा, स्वेटर. 'एका पावसाळ्यात तीन छत्र्या' हे उत्तर कामाचं. 'मी पहिल्यापासूनच धांदरट' हे कामाचं नाही. ते दुसऱ्या कोणी तरी चिकटवलेलं लेबल असतं. अशी अठरा लक्षणं, दोन्ही काळांसाठी. डिव्हा-५ या ठरलेल्या मुलाखतीला एक ते दीड तास लागतो तो यामुळे.

प्रगतिपुस्तकात गुण बघायचे नसतात, शेरे बघायचे. 'हुशार आहे पण लक्ष नाही', 'वह्या अपूर्ण', 'फार बोलते', 'उत्तरे येतात, पेपर पूर्ण सोडवत नाही'. चौथीच्या शेऱ्यात हे असेल आणि सातवीच्या शेऱ्यातही, वर्गशिक्षक वेगळे, तर तो पुरावा भक्कम. फोटो काढताना शेऱ्यांचं पान आणि इयत्ता-वर्षाचं पान, दोन्ही घ्या. निम्मे लोक गुणांचंच पान पाठवतात.


शंकासूर

मग तो सहा प्रश्नांचा फॉर्म निव्वळ धूळफेक म्हणायचा का?


कोरा_कागद

नाही. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या एएसआरएसचा भाग अ आहे. पूर्ण प्रश्नावली १८ प्रश्नांची. सहापैकी चार उत्तरं ठरलेल्या पट्ट्यात पडली तर 'पुढे तपासा', एवढंच तो सांगतो. गंमत अशी की पट्टा सगळ्या प्रश्नांना सारखा नाही. पहिल्या तीन प्रश्नांत 'कधीकधी'पासून पुढचं उत्तर मोजलं जातं, शेवटच्या तीनमध्ये 'बऱ्याचदा'पासून. कागदी फॉर्मवर ते चौकोन गडद छापलेले असतात. कित्येक साइट्सवर हा फरक पुसला जातो आणि नुसती बेरीज होते.

मराठीत आणखी एक गोची. 'लक्ष लागत नाही' हे आपण कंटाळा, काळजी, झोप न होणं, नैराश्य, सगळ्यालाच म्हणतो. त्यामुळे प्रश्न नुसता भाषांतर करून विचारला की भलतीच उत्तरं येतात. 'लक्ष लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं?' हा उपप्रश्न हवाच. 'डोक्यात घरच्या हप्त्यांचा विचार चालू असतो' आणि 'खिडकीबाहेर काय वाजलं ते बघायला उठतो, मग परत यायचं राहून जातं' या दोन वेगळ्या वाटा आहेत.


तळटीप

धागा चांगला. सायकियाट्रिस्टच्या बाजूने थोडी भर.

'दुसऱ्या कशाने उलगडा होत नाही' ही अट ऑनलाइन सगळ्यात जास्त लंगडी पडते. एडीएचडीची सुरुवात लहानपणीच होते, पुढे तो कमीजास्त होत राहतो. तिशीत नव्याने सुरू झालेला विसराळूपणा म्हणजे आधी दुसरं काही शोधा: नैराश्य, चिंता, झोपेत श्वास अडकणं, थायरॉइड, रक्तक्षय, दारू, गांजा. उत्साहाचे आणि कमी झोपेचे काही दिवस, मग पुन्हा सपाट, असं चक्र असेल तर बायपोलर तपासलं पाहिजे. त्यावर थेट एडीएचडीचं उत्तेजक औषध दिलं तर उन्माद भडकू शकतो. मुलांत मध्येच काही सेकंद टक लावून थांबणं, हाक मारली तरी भान नसणं, याला 'तंद्री' म्हणून सोडू नका. अॅबसेन्स प्रकारची फिट असू शकते, त्यासाठी ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) लागतो. ऐकू येण्याची आणि नजरेची तपासणीही राहता कामा नये.

स्टेथोस्कोप व्हिडिओतून लागत नाही. म्हणून वजन, उंची, रक्तदाब, नाडी आणि हृदयाची तपासणी जवळच्या फॅमिली डॉक्टरकडून करून, तारखेसह लेटरहेडवर लिहून आणायला सांगायचं. घरच्या मशीनवर रक्तदाब घ्यायचा तर मनगटाचं नको, दंडाला पट्टा बांधायचं घ्या. पाच मिनिटं शांत बसून दोनदा मोजा. चहा-कॉफीनंतर लगेच नको. आणि तीन प्रश्न तोंडी विचारायचेच: पळताना किंवा खेळताना कधी चक्कर येऊन पडणं झालंय का, हृदयाचा जन्मजात दोष सांगितलाय का, घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालाय का. यात 'हो' आलं तर ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञ. सगळ्यांनाच सरसकट ईसीजी लागत नाही.

आता नेटवर्कचं. आवाज अर्धा सेकंद मागे पडत असेल तर माणूस उत्तराला उशीर करतो, मध्येच तोडतो, 'काय म्हणालात?' विचारतो. नोंदीत याचं 'बोलणं पूर्ण होऊ न देणं' होऊन बसतं. आवाज तुटतोय असं दिसलं की निरीक्षणाच्या रकान्यात ते लिहायचं, आणि कॉल ऑडिओवर नेला तर 'वागणुकीचं निरीक्षण अपुरं' असंही.

खोलीत कोण आहे हा प्रश्न पहिला. सासू स्वयंपाकघरातून ऐकत असेल तर घरकाम अर्धवट राहण्याबद्दल सून काय सांगणार? हेडफोन लावून हो-नाहीत उत्तरं देता येतील असे प्रश्न आधी घ्यावेत, उरलेले ती गच्चीवर किंवा ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये असताना.


रानवारा

चंद्रपूर, गडचिरोलीकडे मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ शोधून सापडत नाहीत. तिथल्या लहान मुलांसाठी हे चालेल का? सात-आठ वर्षांचं मूल कॅमेऱ्यासमोर बसणार तरी किती?


फळा_खडू

मूल बसत नाही हीच माहिती. खरी अडचण उलटी असते. नवी व्यक्ती, नवा पडदा, सगळं लक्ष आपल्यावर: एडीएचडी असलेलं मूलसुद्धा वीस मिनिटं छान बसतं. मग 'आमच्यासमोर तर शांत होता' असा शेरा पडतो. दवाखान्यातही हेच होतं. म्हणून मुलाच्या वागण्याचा निवाडा कॉलमधल्या अर्ध्या तासावरून करायचा नाही.

मोबाइल आईच्या हातात नको. टेबलापासून चार-पाच फुटांवर, मुलाचे हातपाय आणि टेबल दोन्ही दिसतील असा टेकवून ठेवा. मुलाला त्याच्या वर्गाचं रोजचं काम द्या: शुद्धलेखनाच्या दहा ओळी, दहा बेरजा. नवं कोडं नको, चित्रं रंगवणं नको. त्यात ते रमणारच. कंटाळवाण्या कामात काय होतं ते बघायचंय. कितव्या ओळीला उठतो, खोडरबर किती वेळा खाली पडतं, आईला किती वेळा 'पुढे लिही' म्हणावं लागतं. मग मूल खेळायला बाहेर, आणि पालकांशी वेगळं बोलणं. मुलासमोर त्याच्या तक्रारींची यादी वाचू नये. एवढं साधं पथ्य, पण हमखास मोडलं जातं.

शाळेची बाजू आल्याशिवाय मुलांचं निदान पूर्ण धरू नका. व्हँडरबिल्ट प्रश्नावली सहा ते बारा वर्षांसाठी. पालकांच्या फॉर्ममध्ये ५५ प्रश्न, शिक्षकांच्या ४३. लक्षणांना ० ते ३ गुण, त्यात २ आणि ३ मोजायचे. नऊपैकी सहा लक्षणं भरली तरी पुरत नाही. शेवटच्या भागात अभ्यास किंवा वागणुकीच्या एखाद्या बाबतीत ४ किंवा ५, म्हणजे अडचण, असं उत्तर हवं. स्नॅप-४ ही २६ प्रश्नांची प्रश्नावलीही वापरात आहे. भारतातल्या मुलांसाठी बांधलेलं इन्क्लेन या संशोधन संस्थेचं निदान साधन आहे, ते ठाऊक असलेले तज्ज्ञ मिळाले तर उत्तम.

शिक्षकाकडे फॉर्म पालकांच्या हातून उघडा पाठवू नका. बाई पालकांसमोर मवाळ लिहितात, किंवा वैतागल्या असतील तर सगळीकडे ३. मुख्याध्यापकांमार्फत बंद पाकिटात, नाहीतर थेट तज्ज्ञांच्या ईमेलवर. आणि जूनमध्ये नको. वर्गशिक्षिकेला मूल ओळखायला निदान दीड-दोन महिने लागतात. पट साठचा असेल तर जास्तच.

विदर्भातल्यांसाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) तपासायच्या बाबींत एडीएचडी आहे. शाळेत येणाऱ्या पथकाकडून जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्राकडे (मुलांच्या अशा अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) पाठवणी मागता येते. वजन, उंची, कान, डोळे हे सगळं तिथे प्रत्यक्ष होऊन गेलं की व्हिडिओवरच्या तज्ज्ञाचं निम्मं काम हलकं होतं. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक समुपदेशन आणि मार्गदर्शनासाठी. तिथून निदानाचा रिपोर्ट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

अवांतर, पण विचारलं जातंच: दहावी-बारावीच्या सवलतींसाठीचं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र ऑनलाइन रिपोर्टवर मिळत नाही. ती चाचणी कागद-पेन्सिलची, मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयात प्रत्यक्ष जाऊन. एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता एकाच मुलात असू शकतात, पण कागदोपत्री त्या दोन वेगळ्या फायली.


शंकासूर

व्हिडिओवर निदान झालं, औषध लिहून दिलं, ते कुरिअरने घरी. असं होतं का?


औषधी_पेटी

मेथिलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीचं उत्तेजक औषध, असेल तर नाही. यावर फार गोंधळ आहे म्हणून सविस्तर.

टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ची. त्यांत औषधांच्या याद्या आहेत. काही कुठल्याही कॉलवर लिहिता येतात, काही पहिल्या व्हिडिओ कॉलवर, काही आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाच्या पुढच्या कॉलवर. आणि एक मनाईची यादी: शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली औषधं आणि एनडीपीएस कायदा १९८५ खालची अमली व मनोप्रभावी द्रव्यं. मेथिलफेनिडेट दोन्हीकडे आहे. त्यामुळे डॉक्टर कितीही ओळखीचे असोत, रुग्ण दहा वर्षांचा जुना असो, व्हिडिओ कॉलवर ते लिहिता येत नाही. पुढच्या महिन्याची चिठ्ठीसुद्धा नाही.

काउंटरवर काय होतं ते सांगतो. पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'एक्स-आरएक्स' छापलेलं असतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक दुकानदार ठेवून घेतो आणि दोन वर्षं जपतो. माल कुलपात, नोंदवही वेगळी, विक्रीचा परवाना वेगळा. म्हणूनच गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही, आणि मेडिकलवाला 'नाही आमच्याकडे' म्हणतो तेव्हा तो टाळत नसतो. मोठ्या रुग्णालयांच्या आवारातली दुकानं आधी बघा. निघण्यापूर्वी फोन करून ताकद आणि प्रकार विचारा. १० मिलिग्रॅमची साधी गोळी आणि १० मिलिग्रॅमची सावकाश सुटणारी गोळी एक नव्हे. साधीचा असर तीन-चार तासांचा, दुसरीचा कितीतरी लांब. चिठ्ठीवर नुसतं नाव आणि आकडा असेल तर दुकानदाराने परत पाठवणंच योग्य.

मोबाइलवरच्या पीडीएफची प्रिंट 'मूळ प्रत' होत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून घरपोच देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, तो कायदा मोडतोय आणि पाकिटात काय आहे याची खात्री कोण देणार?


रानवारा

म्हणजे ऑनलाइन तपासणीनंतर एडीएचडीचं कुठलंच औषध मिळत नाही, असंच ना? अॅटोमॉक्सेटिनही नाही?


तळटीप

नाही, तसं नाही. अॅटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही, शेड्यूल एक्समध्ये नाही. वरची मनाई त्याला लागत नाही. क्लोनिडिनचंही तेच. पण 'ऑनलाइन मिळतं म्हणून हेच घेऊ' हा निकष चुकीचा. कोणाला काय द्यायचं ते वय, हृदय, झोप, चिंता, सोबतचे आजार यांवर ठरतं.

अॅटोमॉक्सेटिन दुसऱ्या दिवशी जाणवत नाही. पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी जास्त. ७० किलोपर्यंतच्या मुलांत वजनावर हिशेब: सुरुवात दिवसाला किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, मग साधारण १.२ पर्यंत. त्यामुळे वजन 'अंदाजे बावीस' असं चालत नाही, काट्यावर घ्या. सुरुवातीला मळमळ, भूक कमी. जेवणानंतर घेतलं तर बऱ्याच जणांना सोपं जातं. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, मुलाच्या बोलण्यात मरणाचे विचार येणं: यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या कॉलची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर.

उत्तेजक औषध ठरलं तर मिश्र मार्ग बरा. मुलाखती आणि शाळेशी बोलणं व्हिडिओवर, औषध सुरू करायला आणि चिठ्ठीला प्रत्यक्ष भेट. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीचं मानसोपचार संस्थान. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही चौकशी करा. ऑनलाइन झालेली कागदपत्रं सोबत न्या, नाहीतर तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डोस वाढवताना प्रत्येक टप्प्यावर नाडी-रक्तदाब. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी. भिंतीवर पेन्सिलीने उंचीची खूण केली तरी चालेल, फक्त तारीख घाला.


न्यूजर्सीकर

इथल्या मराठी मंडळींचा एक लाडका बेत असतो: पुण्याच्या मराठी बोलणाऱ्या डॉक्टरांकडून व्हिडिओवर निदान करून घ्यायचं. भाषेच्या दृष्टीने मोह समजतो. पण भारताची ती मार्गदर्शक तत्त्वं भारताच्या हद्दीबाहेरच्या सल्ल्याला लागूच नाहीत, असं त्यांतच म्हटलंय. आणि अमेरिकेत डॉक्टरकडे परवाना हवा तो रुग्ण कॉलच्या वेळी ज्या राज्यात बसलाय तिथला. एडिसनला राहणारा माणूस कामासाठी टेक्ससमध्ये असताना कॉल घेतो, डॉक्टर पहिलाच प्रश्न 'आत्ता कुठे आहात?' विचारतात, आणि अपॉइंटमेंट रद्द. ही नाटकं नव्हेत, नियम आहे.

औषधांचं इथे वेगळं. २००८ च्या रायन हाइट कायद्याने नियंत्रित औषध इंटरनेटवरून लिहिण्याआधी एकदा प्रत्यक्ष भेट सक्तीची केली. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे सूट आली, तिची मुदत मग वेळोवेळी वाढत गेली. त्यामुळे कॉल ठरवण्याआधी त्या तारखेला नियम काय आहे ते बघा आणि डॉक्टरला विचारा, 'प्रत्यक्ष भेट लागलीच तर तुमचं क्लिनिक कुठे?' ज्यांच्याकडे याचं उत्तर नाही त्यांच्याकडे जाऊ नका. मेथिलफेनिडेट आणि अॅम्फेटामिन इथल्या शेड्यूल २ मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या गटात. रिफिल नाही, दर वेळी नवी चिठ्ठी.


टेम्सकाठ

इंग्लंडमध्ये जीपीकडून (फॅमिली डॉक्टर) 'राइट टू चूज', म्हणजे संस्था निवडायच्या हक्काखाली, एनएचएसशी (सरकारी आरोग्यसेवा) करार असलेल्या ऑनलाइन संस्थेकडे पाठवणी मागता येते. फक्त इंग्लंड, स्कॉटलंड-वेल्सवाल्यांनी यात वेळ घालवू नये. गाडी अडते ती निदानानंतर. डोस बसवेपर्यंत संस्था बघते, मग 'शेअर्ड केअर' म्हणून चिठ्ठ्या जीपीकडे येतात, आणि जीपीवर ते स्वीकारायची सक्ती नाही. पाठवणी मागतानाच जीपीच्या दवाखान्यात विचारा: 'या संस्थेचं शेअर्ड केअर तुम्ही घेता का?' उत्तर ईमेलवर घ्या. खासगी पैसे भरून केलेल्या निदानाला तर हा प्रश्न आणखीच नडतो.

उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या इथल्या संस्थेची मार्गदर्शिका (एनजी८७, २०१८) स्पष्ट आहे: केवळ प्रश्नावलीवर किंवा केवळ निरीक्षणावर निदान नको. २०२४ मध्ये सहा ते सतरा वयासाठी क्यूबी टेस्ट या संगणकी चाचणीला हिरवा कंदील मिळाला, तोही मदतीला म्हणून. चौकोन-वर्तुळं बघून बटण दाबण्याच्या या चाचणीत चांगले गुण पडले म्हणजे एडीएचडी नाही, असं होत नाही.

आपल्या लोकांची खास अडचण लहानपणीच्या साक्षीची. चाळिशीतला मुलगा क्रॉयडनला, आई सांगलीत, आईला इंग्रजी नाही. मुलगाच दुभाषी झाला तर आई म्हणते, 'शाळेतून रोज तक्रार यायची, वैताग होता नुसता', आणि डॉक्टरांपर्यंत पोचतं 'थोडा मस्तीखोर होतो'. दुभाषी संस्थेकडूनच मागा, मराठी म्हणून स्पष्ट सांगा, हिंदीवर भागवू देऊ नका. वेळ ठरवताना उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच. आईला 'मुलाची चौकशी आहे' एवढंच सांगून बसवलं तर ती त्याची बाजू सावरते, सगळं छान होतं म्हणते. 'त्याला मदत मिळावी म्हणून त्रास काय होता तेच सांगायचंय', हे आदल्या दिवशी समजावून ठेवा.


कोरा_कागद

वरच्यात भर: प्रगतिपुस्तकाचे शेरे भाषांतर करताना सुधारू नका. 'द्वाड' म्हणजे द्वाडच. मूळ पान शेजारी जोडा.


शंकासूर

शेवटचा प्रश्न. सेवा धड आहे की दुकान, हे पैसे भरण्याआधी कसं ओळखायचं?


कोरा_कागद

तीन प्रश्न विचारा. पहिली मुलाखत किती मिनिटांची? घरच्यांशी किंवा शाळेशी बोलणार का? एडीएचडी नाही असं निघालं तर रिपोर्ट देता का? तिसऱ्यावर अडखळले तर तिथेच थांबा. जिथे 'नाही' असं कधी निघतच नाही तिथे तपासणी होत नसते.

नोंदणी तपासा. डॉक्टरचा क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत. 'कौन्सेलर', 'कोच', 'एडीएचडी एक्स्पर्ट' या पाट्यांना नोंदणी नसते. सायकॉलॉजिस्ट मूल्यमापन करू शकतात, औषध लिहू शकत नाहीत. अठरा वर्षांखालील मुलाचा कॉल मोठ्या माणसासोबतच होतो आणि त्या मोठ्याचीही ओळख तपासायची असते. कोणी ती मागितलीच नाही तर खटकायला हवं.

रिपोर्टमध्ये काय हवं: कोणत्या तारखांना किती वेळ बोलणं झालं आणि ते व्हिडिओवर होतं हा उल्लेख, कोणाकोणाची साक्ष घेतली, कोणती साधनं वापरली आणि गुण किती, प्रत्येक निकषाखाली निदान एक ठोस उदाहरण, बारा वर्षांआधीचा पुरावा कुठून आला, कोणते दुसरे आजार विचारात घेतले आणि का बाजूला ठेवले, प्रकार (लक्ष न टिकण्याचा, चंचलतेचा की मिश्र), तीव्रता, सही आणि नोंदणी क्रमांक. 'रुग्णाला एडीएचडी आहे, औषधे सुरू करावीत' अशा दोन ओळींच्या कागदावर पुढचा कुठलाच डॉक्टर भिस्त ठेवत नाही. परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी तो इंग्रजीत, डीएसएमच्या निकषांसह घ्यावा. विद्यापीठांची अपंगत्व कार्यालयं तसाच मागतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे स्वतःच्या नोंदी मागायचा हक्क रुग्णाला आहे. 'रिपोर्ट अॅपमध्येच दिसेल, डाउनलोड होणार नाही' असं म्हणणाऱ्यांना हे लेखी कळवा.


औषधी_पेटी

एक राहिलं. ऑनलाइन चिठ्ठी, म्हणजे अॅटोमॉक्सेटिन वगैरेची, कॉल बंद करण्याआधी स्क्रीनवर वाचून घ्या. औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत, ताकद, दिवसातून किती वेळा, किती दिवस, डॉक्टरची सही, नोंदणी क्रमांक, रुग्णाचं वय. मुलाची चिठ्ठी वडिलांच्या नावावर निघालेली असते, कारण अॅपमधलं खातं वडिलांचं. चाळिशीच्या माणसाच्या नावावर १० मिलिग्रॅमची कॅप्सूल बघून दुकानदार डॉक्टरला फोन लावतो, तोवर डॉक्टर पुढच्या कॉलवर गेलेले असतात.


फळा_खडू

आणि मुलाच्या नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्याप्रमाणे घ्या. डीईआयसीत जुळवताना तिथेच फाइल परत येते.